संकरित ज्वारी आणि तंतुकणिकांतील वैगुण्य

परभणी जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘हायब्रीड’ हा शब्द बहुधा एकाच पिकासाठी येतो. ते पीक म्हणजे खरिपातील बुटक्या ताटाची ज्वारी. तिचा पहिला संकर, सी.एस.एच.-1, हा 1964 साली प्रसृत झाला. त्याच्या मुळाशी तंतुकणिकांतील डीएनएचे एक वैगुण्य होते. परंतु ही गोष्ट संकर सिद्ध करणाऱ्यांसही त्या वेळी ठाऊक नव्हती. पीक आधी आले, उपपत्ती मागाहून.

ज्वारीचे फूल द्विलिंगी व अतिशय लहान. कणसातील प्रत्येक फुलाचे परागकोश हाताने काढून संकरित बियाणे पिकविणे व्यवहारात अशक्यच. ही अडचण 1954 साली टेक्ससमधील स्टीफन्स व हॉलंड यांनी दूर केली. मायलो ज्वारीचे पेशीद्रव्य व काफिर ज्वारीचे केंद्रक एकत्र आणले असता पराग निकामी होतो, बीजांड मात्र धडधाकट राहते, असे त्यांनी दाखविले. अशीच एक नरवंध्य काफिर ज्वारी सी.एस.एच.-1 ची मादी होय. वंध्यत्व संततीत आईकडूनच उतरते; यावरून त्याचे मूळ केंद्रकाबाहेर आहे एवढे निश्चित झाले. नर वाणातील जनुके परागाची शक्ती परत आणतात, म्हणून शेतकऱ्याच्या रानात दाणा भरतो.

तंतुकणिकांत डीएनए असते हेच मुळी 1963 साली स्टॉकहोम येथे मार्गिट व सिल्व्हन नास या दांपत्याने कोंबडीच्या गर्भात दाखविले. नरवंध्य मक्याचे हे डीएनए सामान्य मक्याहून निराळे असल्याचे लेव्हिंग्ज व प्रिंग यांनी 1976 साली सिद्ध केले. ज्वारीतही पुढे तसाच भेद आढळला. परागकोशातील पोषक थराला ऊर्जा अतोनात लागते. मक्यात तेथील तंतुकणिका 20 ते 40 पटींनी वाढतात. पाना-मुळांत खपून जाणारे वैगुण्य तेथे उघडे पडते.

माणसाच्या बाबतीत याच डीएनएचा विचार वार्धक्याच्या व कर्करोगाच्या अंगाने झाला. श्वसनातून निर्माण होणारे मुक्त मूलक तंतुकणिकांना इजा करतात, ती साचत जाते व आयुर्मान ठरविते, असे मत डेन्हॅम हार्मन यांनी 1972 साली मांडले. 2004 साली या डीएनएची प्रत तपासण्याची क्षमता हिरावून घेतलेल्या उंदरांना अकाली वार्धक्य आले खरे. पण त्यांच्यात मुक्त मूलकांची लक्षणीय वाढ आढळली नाही. हार्मन यांचे निम्मे मतच टिकले, असे म्हणावे लागते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 10 पेशीवंशांपैकी 7 मध्ये 1998 साली अशी उत्परिवर्तने सापडली. ती रोगाचे कारण की केवळ त्याची सोबत, हा वाद शमलेला नाही. वयोमानाने साचणारी ही हानी बहुतांशी देहाबरोबर संपते. ज्वारीतील वैगुण्य मात्र मुद्दाम जपून पिढ्यान्‌पिढ्या पेरले जाते.

या जपणुकीतला धोका मक्याने दाखवून दिला. 1970 साली अमेरिकेतील बहुतेक संकरित मका टेक्सस पेशीद्रव्याचा होता. पानांवरील करप्याच्या नव्या प्रकाराने तोच नेमका गाठला व देशाच्या पिकाचा सुमारे 15 टक्के भाग बुडाला. तंतुकणिकांतील डीएनएचे तुकडे वेडेवाकडे जुळून तेथे एक नवे जनुक बनले होते. पराग मारणारे प्रथिन त्याचेच, व बुरशीच्या विषाला तंतुकणिकेची दारे उघडून देणारेही तेच.

ज्वारीवर असे संकट आलेले नाही. परंतु तिचे बहुतेक सर्व व्यापारी संकर अद्याप एकाच मायलो पेशीद्रव्यावर उभे आहेत. सी.एस.एच.-1 च्या निर्मितीशी निगडित असलेले व पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले एन. जी. पी. राव यांच्यासह भारतीय संशोधकांनी देशी वाणांत निराळी पेशीद्रव्ये शोधली. त्यांतील एक तर सोलापूरकडील मालदांडीचे! पण त्यावर पराग पूर्ववत करणारी जनुके फार थोड्या वाणांत सापडतात, त्यामुळे बियाण्याच्या व्यवहारात मायलोच राहिले. रब्बीत पेरली जाणारी मालदांडी 35-1 व परभणी मोती ही सरळ वाणे होत. त्यांच्या बियाण्यास नरवंध्य मादी लागत नाही.