रायफलचं तेल आणि १८५७

एनसीसीच्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली, तेव्हा मला फक्त गोळी झाडायची होती. उस्तादांनी दोन दिवस गोळी दाखवलीसुद्धा नाही. नळी माणसाकडे वळवायची नाही. रायफल रिकामी आहे असं कुणीही सांगो, बोल्ट उघडून स्वतः बघायचं. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. मग चिंधी आणि तेल घेऊन नळी साफ करायची. तेलाचा वास बोटांना तसाच ठेवून आम्ही जेवायला बसायचो. तेल कशाचं आहे, हे कुणीच विचारलं नाही.

पुढे १८५७ वाचताना तोच वास आठवला. चरबीच्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत एका ओळीत संपवतो. पण ती सुरू झाली प्रशिक्षणात. नव्या एनफिल्ड रायफलीचं शिक्षण देण्यासाठी कंपनीने डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली होती. या रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा होत्या. गोळी घट्ट बसे, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लागे. कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी गजाने आत ठासायची. म्हणजे शस्त्राचं वंगण थेट तोंडात.

चरबी कोणत्या जनावराची, याची खात्री कंपनीने करूनच घेतली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. मग सैनिकांना आपल्या पसंतीचं वंगण वापरायची मुभा मिळाली, पुढे कागद दातांऐवजी बोटांनी फाडायची नवी पद्धतही आली. पण संशय उलट वाढला: काही खोट नव्हती, तर बदललं कशाला?

२४ एप्रिलला मेरठमध्ये हीच नवी पद्धत दाखवायला घोडदळाच्या ९० जणांची परेड भरली. काडतुसं जुनीच, नेहमीची होती. तरी ८५ जणांनी हात लावला नाही. ९ मे रोजी भर मैदानात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठ पेटलं.

आमचे उस्ताद रोज आधी स्वतःच्या रायफलीचा बोल्ट उघडून रिकामी नळी आम्हाला दाखवायचे, मगच आमच्या रायफली तपासायचे. तेव्हा मला तो वेळकाढूपणा वाटायचा.