समलिंगी प्रेमाचे लघुपट आणि आपला वेगळा कप

शेणव्यात चार कार्यकर्त्यांपुढे मी समलिंगी प्रेमावरील लघुपटांचा विषय काढला, तेव्हा एक मित्र हसला. म्हणाला, "हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपली माणसे वीटभट्टीवर आहेत." त्या हसण्यामागची चीड मला कळत होती. पण आपला इतिहास वेगळे सांगतो. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधही आले, उत्तरे दिली म्हणून १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू कोर्टात मांडली ती बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील लिहिले असे नव्हे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ठणकावले होते.

पडद्यावरचा एक आरंभही बहिष्कृताचाच आहे. फ्रेंच लेखक ज्याँ जेने आईने टाकलेला, चोऱ्या करून तुरुंग भोगलेला. १९५० च्या त्याच्या मूक लघुपटात एक कैदी भिंतीच्या भोकातून, गवताच्या काडीने, शेजारच्या कैद्याला सिगारेटचा धूर देतो. मध्ये भिंत तशीच.

आपल्याकडे मात्र हा प्रवाह वरून आला. रियाद वाडियांचा 'बॉमगे' (१९९६) आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांवरचा. रवी जाधवांचा 'मित्रा' (२०१४) तेंडुलकरांच्या कथेवरचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चांगलाच आहे, पण त्यातले जग कॉलेजातले.

राबणारी बाई आली ती २०१९ मध्ये, रोहन कानवडे यांच्या 'यू फॉर उषा'त. कलम ३७७ची बेडी सुप्रीम कोर्टाने तोडली, त्याच्या पुढच्याच वर्षी. उषा निरक्षर शेतमजूर, एकटीने मुले वाढवणारी. शाळेतल्या बाईंवर तिचे मन जडते आणि तिला अक्षरांची ओढ लागते. सावित्रीबाईंच्या मुलखात अक्षर प्रेमाच्या वाटेनेही येऊ शकते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

पण खरा घाव नीरज घायवानच्या 'गीली पुच्ची'चा (२०२१). घायवान स्वतः दलित, आणि ते उघड सांगणारा. कारखान्यात मशीनवर राबणाऱ्या भारतीला ऑफिसातली जागा हवी असते. ती मिळते ब्राह्मण प्रियाला. दोघी जवळ येतात. भारतीने आडनाव बॅनर्जी सांगितलेले. ती खरी जात सांगते आणि प्रिया दुरावते. बाई बाईवर प्रेम करते, याने नव्हे! पुढे भारती डाव खेळून ती जागा मिळवते. दिग्दर्शकाने तिला देवी केले नाही, हे बरे केले.

शेवटी प्रियाच्या घरी चहा येतो. घरच्यांना चिनी मातीचे कप, भारतीला स्टीलचा.

त्या रात्री शेणव्यात आम्ही तो मोबाईलवर पाहिला. हसणारा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो कप पुन्हा दाखव."