दौलत बेग जिथे मेला

२०२० साली गलवान खोऱ्यात आपले जवान शहीद झाले, तेव्हा 'दौलत बेग ओल्डी' हे नाव बातम्यांत रोज कानावर पडायचं. तुर्की बोलीत त्याचा अर्थ 'दौलत बेग जिथे मेला ती जागा'. हा दौलत बेग कोण, याच्या वेगवेगळ्या कथा सांगतात. पण अशा ओसाड माळाला कुणाच्या तरी मरणावरून नाव पडतं, म्हणजे तिथून माणसांची ये-जा होती हे नक्की. ती होती लेह-यारकंद व्यापारामुळे.

लेहहून निघून खारदुंग ला ओलांडायचा, नुब्रा खोऱ्यात उतरायचं आणि पनामिकला थांबायचं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. तांडे तिथे विसावा घेत, घोड्यांना पोटभर खायला घालत, कारण पुढे चारा जवळपास नाहीच. मग सासेर लाची हिमनदी, देपसांगचं पठार आणि ५,५४० मीटर उंचीवरची काराकोरम खिंड. गंमत म्हणजे सर्वांत उंच असलेली ही खिंड चढायला त्यातल्या त्यात सोपी. खरी भीती सासेरच्या बर्फाची आणि चाऱ्याविना काढायच्या दिवसांची. घोड्यांच्या पाठीवर व्यापाऱ्याच्या मालाबरोबर घोड्यांचा दाणाही लादावा लागे! शेकडो जनावरं वाटेतच मेली. त्यांच्या हाडांवरून वाट ओळखू येई, असं प्रवाशांनी लिहून ठेवलंय.

तिकडून यायचं रेशीम, नमदे, गालिचे आणि भरपूर चरस. इकडून जायचं सुती कापड, रंग, मसाले. होशियारपूरचे पंजाबी व्यापारी यात आघाडीवर होते. यारकंदी व्यापाऱ्यांनी लेहमध्ये लडाखी बायकांशी लग्नं केली, संसार थाटले. त्यांच्या वंशजांना आजही 'अर्गोन' म्हणतात.

इंग्रजांना या वाटेचं भारी आकर्षण. हिंदुस्थानचा चहा आणि कापड मध्य आशियात खपवायचं, रशियावर नजरही ठेवायची. १८७० मध्ये काश्मीरचे महाराज रणबीरसिंग यांच्याशी करार होऊन वाट जकातमुक्त झाली. देखरेखीला लेहमध्ये दोन जॉइंट कमिशनर आले, एक इंग्रजांचा, एक महाराजांचा. पण करार झाला म्हणून खिंडी थोड्याच खाली येतात? व्यापार घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढाच राहिला.

तो पाठीवर पेलला भाड्याने घोडी चालवणाऱ्यांनी. त्यांना 'किरायाकश' म्हणत. अशा गरीब माणसांपैकी बहुतेकांची नावंही उरली नाहीत. लेहचा गुलाम रसूल गलवान मात्र अपवाद. पोरवयात साहेबांच्या तांड्यांबरोबर हमाली करणारा हा माणूस पुढे लेहमध्ये व्यापाराचा 'अक्सकल', म्हणजे मुख्य कारभारी झाला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने आत्मचरित्र लिहिलं, ते १९२३ मध्ये छापलं गेलं. गलवान नदीचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

१९४९ मध्ये सिंक्यांगवर चिनी कम्युनिस्टांचा ताबा आला आणि वाट मिटली. लेहमधल्या कित्येक घरांचे अर्धे नातेवाईक पलीकडेच राहिले. ना निरोप, ना पत्र. १९६२ नंतर तर प्रश्नच मिटला.

आता दौलत बेग ओल्डीपर्यंत २५५ किलोमीटरचा पक्का रस्ता आहे. त्यावरून लष्कराचे ट्रक जातात आणि तिथेच थांबतात. पुढची खिंड काही तासांच्या चालीवर आहे, पण ती ओलांडून यारकंदला जाणारं आता कुणी नाही. आपण ज्यांना युद्धभूमीची नावं म्हणून ओळखतो, ती एका हमालाची आणि वाटेत मेलेल्या एका प्रवाशाची नावं आहेत, एवढं तरी लक्षात ठेवूया.