जॉयस्टिक नको, श्वास पुरे

१९९३ साली ‘जुरासिक पार्क’मधले डायनासोर जगभरच्या पडद्यांवर धावले. त्यांना चालतं-पळतं करण्यासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर मॉन्ट्रियलच्या ‘सॉफ्टइमेज’ या कंपनीचं होतं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. कंपनीच्या सुरुवातीच्या संचालकांपैकी एक होत्या शार डेव्हिस. त्या मूळच्या चित्रकार. पाण्यासारखा पारदर्शक, कडा विरघळलेला अवकाश त्यांना कॅनव्हासवर काही केल्या सापडत नव्हता, म्हणून त्या संगणकाकडे वळल्या होत्या.

तिथे वेगळीच अडचण होती. त्या काळची व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणजे हातांचा खेळ. डोक्यावर जड हेल्मेट, हातात जॉयस्टिक किंवा तारांनी भरलेला हातमोजा. बोट दाखवायचं आणि त्या दिशेला सुसाट निघायचं. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि गोळीबाराच्या खेळांसाठी हे ठीक होतं. डेव्हिस यांना हातच नको होता.

उत्तर मिळालं समुद्रात. त्यांना स्कूबा डायव्हिंगचा नाद होता. मुरलेला पाणबुड्या थोडंसं वर-खाली होण्यासाठी हातपाय मारत नाही. छाती भरून श्वास घेतला की शरीर हलकं होऊन वर सरकतं, सोडला की खाली उतरतं. हीच युक्ती डेव्हिस यांनी संगणकाला शिकवली. प्रेक्षकाच्या अंगात एक जाकीट घालायचं. छाती किती फुगते आणि शरीर कुठे झुकतं, हे त्यातले सेन्सर टिपणार. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, झुकाल तिकडे वळण. १९९५ साली मॉन्ट्रियलच्या समकालीन कला संग्रहालयात ‘ऑस्मोज’ ही त्यांची कलाकृती उघडली ती अशी.

आत शिरल्यावर आधी दिसते आखीव रेघांची जाळी, अभियंत्यांचं जग. पहिल्या काही श्वासांतच ती विरते आणि एक मोकळं रान उलगडतं. मधोमध झाड, जवळ तळं. पानाच्या आत जाता येतं, जमिनीखाली मुळांमधूनही उतरता येतं. काहीच ठोस नाही. एकातून दुसरं आरपार दिसतं. सगळ्यात खाली हे जग ज्यावर उभं आहे तो प्रोग्रामचा कोड आणि सगळ्यात वर निसर्ग व देहाविषयीची वचनं. यंत्राची आतडी लपवायची नाहीत, हा डेव्हिस यांचा प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे. साधारण पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप दूर जातं. एका वेळी एकालाच प्रवेश. बाकीच्यांनी पडद्यावर त्याची सावली बघायची. बाहेर आल्यावर काही जण रडले, काहींनी मरणाची भीती उरली नाही असं सांगितलं, अशी नोंद डेव्हिस यांनीच केली आहे.

अर्थात शरीराच्या आतल्या हालचालींवर कलाकृती चालवण्याची कल्पना त्याआधीची. ५ मे १९६५ रोजी अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ संग्रहालयात संगीतकार आल्विन लुसिए डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून खुर्चीत बसले. मेंदूतल्या अल्फा लहरी सेकंदाला साधारण आठ ते बारा. कानाला ऐकू न येणाऱ्या. त्या वाढवून लाउडस्पीकरमध्ये सोडल्या आणि स्पीकरच्या थरथरीने ढोल, झांजा, घंटा वाजू लागल्या. उपकरणं एडमंड ड्यूअन या भौतिकशास्त्रज्ञाची, प्रोत्साहन संगीतकार जॉन केज यांचं. गंमत अशी की अल्फा लहरी माणूस स्वस्थ असला तरच उमटतात. वाजवायचं म्हणून जोर लावला, डोळे उघडले, की ढोल गप्प. रियाझाने हात तयार करणाऱ्या कुठल्याही वादकाला हे विचित्रच वाटेल.

या लहरींची पहिली नोंद जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी घेतली, ती १९२४ मध्ये. निव्वळ योगायोग, पण त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. नौली ही योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब किती घटतो, हे त्यांनी दाबमापकाने मोजलं आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. पुढे १९६१ साली दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूलहरींवर निबंध प्रसिद्ध केला. या सगळ्या प्रयोगांत साधक एका बाजूला आणि आलेख वाचणारा दुसऱ्या बाजूला. अमेरिकेत जो कामिया यांनी मात्र पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ज्याच्या लहरी त्यालाच त्या कळवायला सुरुवात केली, आणि माणसं हव्या तेव्हा अल्फा लहरी आणायला शिकू लागली. कलावंतांना हवं होतं ते नेमकं हेच.

नंतर वाट रुंदावली. जपानी कलावंत मारिको मोरी यांच्या ‘वेव्ह यूएफओ’मध्ये तीन माणसं एका चकचकीत थेंबासारख्या कुपीत पहुडतात आणि त्यांच्या मेंदूलहरी छतावर रंग होऊन तरंगतात. २००३ मध्ये ते ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झला आणि न्यूयॉर्कला दाखवलं गेलं. त्याच सुमारास बोटांना सेन्सर लावून घरच्या संगणकावर खेळायचा ‘वाइल्ड डिव्हाइन’ बाजारात आला: मन निवलं तर पुढचा टप्पा खुला. इथे काहीतरी निसटलं. ‘ऑस्मोज’मध्ये जिंकण्याजोगं काही नव्हतंच, शांत होण्याला बक्षीस लावलं की माणूस पुन्हा जोर लावू लागतो. ओवेन हॅरिस आणि निकी स्मिट यांच्या ‘डीप’ या व्हर्च्युअल रिॲलिटी खेळात पोटाच्या श्वासावर पाण्याखाली पोहता येतं, ते मात्र डेव्हिस यांच्या पठडीतलं, आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चिंता कमी करण्यासाठी ते अभ्यासलंही आहे.

श्वास म्हणजे शांतीच, असं सगळ्यांनीच मानलं नाही. मेक्सिकोत जन्मलेले कलावंत राफाएल लोसानो-हेमर यांनी २०१३ साली एक हवाबंद काचेची खोली उभारली. आधी येऊन गेलेल्यांनी सोडलेला श्वासच पुढच्या माणसाने आत बसून घ्यायचा; भात्यांना जोडलेल्या ६१ खाकी कागदी पिशव्या त्याच हवेने फुगतात आणि चुरगळतात, माणसाच्या लयीत. दारावर इशारा लावलेला असतो: गुदमरण्याचा, संसर्गाचा आणि घाबरण्याचा धोका आहे.