माणशी किती तास?

अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसाची नीट काळजी घ्यायची, तर दिवसाचे किती तास लागतात? प्रश्न साधा आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना उत्तर अनुभवाने ठाऊक असते, पण आकड्यात ते कोणी मांडत नाही. शुश्रूषा ही मायेची बाब, ती घड्याळाने कशी मोजायची, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत मात्र गेली सुमारे पन्नास वर्षे हा प्रश्न संशोधनाचा, कायद्याचा आणि कोर्टकचेरीचाही विषय झालेला आहे. तो तसा होण्यात शार्लीन हॅरिंग्टन या परिचारिकेचा मोठा वाटा आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे ज्यांना दुसऱ्याच्या मदतीवाचून उठता-बसता, जेवता किंवा शौचाला जाता येत नाही, अशा मुख्यतः वृद्ध माणसांचे दीर्घकाळ राहण्याचे ठिकाण. १९६५ साली तेथे मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांचा कायदा झाला. पहिली प्रामुख्याने वृद्धांच्या औषधोपचारासाठी, दुसरी गरिबांसाठी. नर्सिंग होममधल्या लांबच्या मुक्कामाचा बराचसा खर्च या दुसऱ्या योजनेवर पडू लागला. सरकारचा पैसा मिळतो म्हटल्यावर हा व्यवसाय झपाट्याने वाढला, आणि त्यात नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थाच अधिक होत्या.

हॅरिंग्टन यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले आणि पुढे बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून समाजशास्त्र व उच्च शिक्षण या विषयांत १९७५ साली डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्यात, आरोग्यसंस्थांना परवाने देणाऱ्या व त्यांची तपासणी करणाऱ्या विभागाचे काम त्यांच्याकडे आले. १९८० पासून त्या सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागल्या. रुग्णाच्या खाटेजवळचे काम, सरकारी तपासणी आणि समाजशास्त्र ही तिन्ही अंगे ठाऊक असलेली व्यक्ती संशोधनात आली, हे पुढच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

नर्सिंग होमांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक समिती नेमली. अध्यक्ष होते सिडनी कॅट्झ. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे या सहा गोष्टींवरून माणसाचे परावलंबित्व मोजण्याची पद्धत त्यांनीच बसवली होती. हॅरिंग्टन या समितीच्या सदस्य होत्या. समितीचा अहवाल १९८६ साली आला. संस्थेकडे चांगली सेवा देण्याची सोय आहे की नाही, एवढेच तपासणीत पाहिले जाते. माणसाला ती सेवा प्रत्यक्षात मिळते का, हे पाहिले जात नाही, असा त्याचा एक मुख्य निष्कर्ष होता. त्याच्या आधारे १९८७ साली कायदा झाला. प्रत्येक माणसाच्या गरजांची ठरावीक नमुन्यात नोंद करणे आणि मदतनिसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण देणे आवश्यक झाले. सोयीसाठी माणसाला बांधून ठेवण्यास मनाई झाली.

पण माणसे किती नेमायची? कायद्याने ‘पुरेशी’ असे म्हटले. पूर्ण शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेबाबत आकडा दिला तो इतकाच, की ती दिवसातून सलग आठ तास हजर असावी. संस्था ३० माणसांची असो वा ३०० माणसांची, तास आठच. वर्गात हा भागाकार करून पाहण्यासारखा आहे. ३० माणसांच्या संस्थेत प्रत्येकाच्या वाट्याला १६ मिनिटे येतात. १०० माणसांच्या संस्थेत पाच मिनिटेही नाहीत.

‘पुरेशी’ या शब्दाच्या जागी आकडा बसवण्याच्या खटपटीत हॅरिंग्टन पुढे होत्या. त्यांनी आणि इतर तज्ज्ञांनी सुचवलेला आकडा २००० साली प्रसिद्ध झाला: माणशी रोज ४.५५ तास. पुढच्याच वर्षी सरकारने करवून घेतलेल्या मोठ्या अभ्यासातून निघालेला आकडा होता ४.१. त्यात मदतनिसांचे २.८ तास, नोंदणीकृत परिचारिकेची ४५ मिनिटे आणि कमी मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारक परिचारिकेची ३३ मिनिटे होती.

हा आकडा कसा काढला ते शिक्षकांनी आवर्जून पाहावे. एका बाजूला हजारो संस्थांची माहिती तपासली. तास ठरावीक मर्यादेच्या खाली गेले की पाठीला होणाऱ्या जखमा, वजन घटणे, रुग्णालयात हलवावे लागणे हे प्रकार वाढलेले दिसले. त्या मर्यादेच्या वर फरक पडेनासा झाला. दुसऱ्या बाजूला कूस बदलणे, भरवणे, शौचाला नेणे, कपडे बदलणे अशा प्रत्येक कामाला लागणारी मिनिटे धरून, किती हात असले तर ही कामे वेळेवर होतील याचे गणित संगणकावर मांडले. दोन स्वतंत्र वाटांनी जाऊन उत्तरे जवळपास यावीत, याला विज्ञानात मोठी किंमत असते. नुसत्या सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण भरवायला माणूस नसेल तर वजन का घटते, हे सांगायला आणखी सिद्धांत लागत नाही.

आता १०० माणसांची संस्था घ्या. ४.१ ने गुणले तर रोजचे ४१० तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर दिवसरात्र मिळून सुमारे ५१ जणांची हजेरी लागते. अभ्यासाच्या वेळी नव्वद टक्क्यांहून अधिक संस्था कोणत्या ना कोणत्या मर्यादेच्या खाली होत्या. खर्च फार येईल, एवढ्या परिचारिका मिळणार नाहीत, लहान गावांतल्या संस्था बंद पडतील, असे आक्षेप होते, आणि ते सगळेच पोकळ नव्हते. सरकारने नियम केला नाही.

त्याच वर्षी हॅरिंग्टन व सहकाऱ्यांनी १३ हजारांहून अधिक संस्थांच्या तपासण्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांत सरासरी ५.८९ त्रुटी आढळल्या होत्या. ना-नफा संस्थांपेक्षा ४६.५ टक्के जास्त. तिथे परिचारिकांचे तासही कमी होते.

या सर्व अभ्यासांत एक कच्चा दुवा होता. तासांचे आकडे संस्थाच देत, आणि तेही तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांचे. शाळातपासनीस येणार म्हटल्यावर शाळेत काय काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको! २०१० च्या कायद्याने पगारपत्रकांवरून रोजची हजेरी देणे बंधनकारक केले. प्रत्यक्षात ती २०१६ पासून मिळू लागली. तेव्हा शनिवार-रविवारी हजेरी किती घसरते ते उघड झाले. अंथरुणावरच्या माणसाला रविवार नसतो.

२०२० साली कोविडची साथ आली. अमेरिकेत नर्सिंग होममधली माणसे व कर्मचारी मिळून दोन लाखांहून अधिक मृत्यू झाले. कॅलिफोर्नियातील संस्थांचा हॅरिंग्टन व सहकाऱ्यांनी अभ्यास केला. जेथे नोंदणीकृत परिचारिकेचा वेळ माणशी ४५ मिनिटांपेक्षा कमी होता, तेथे राहणाऱ्यांना लागण झाल्याचे आढळण्याची शक्यता दुप्पट होती. ही ४५ मिनिटे म्हणजे २००१ साली बाजूला ठेवलेलाच आकडा.

अखेर मे २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने माणशी ३.४८ तासांचा नियम जाहीर केला. ४.१ पेक्षा तो बराच कमी होता, पण देशपातळीवर पहिल्यांदाच ‘पुरेशी’ याला आकडा मिळाला होता. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि जुलैमध्ये झालेल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली.

मग एवढ्या वर्षांच्या मोजणीतून काय मिळाले? आकडा धोरणात टिकला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. काळजी अपुरी आहे हे पूर्वी नातेवाइकांच्या तक्रारीवरून कळे. आता कोणत्या संस्थेत, कोणत्या दिवशी, किती तास कमी पडले हे कोणालाही पाहता येते. नियम नाकारणाऱ्यालाही आता आपण नेमके काय नाकारतो आहोत, हे माहीत असते.

आपल्याकडे ही मोजणी बहुतांशी घरातच, न लिहिता, चाललेली असते. वरच्या वर्गातील मुलांना एक उपक्रम देता येईल. ज्यांच्या घरी किंवा शेजारी अंथरुणावरचे माणूस आहे, त्यांनी घरच्यांच्या संमतीने एका दिवसाची नोंद करावी: कोणते काम, किती मिनिटे, कोणी केले. बेरीज ४.१ तासांच्या किती जवळ जाते ते पाहावे. तिसऱ्या रकान्यात वारंवार कोणाचे नाव येते, तेही मुलांना वाचून दाखवू द्यावे.