हांव सायबा पलतडी वेता

गोव्यातील सर्वांत लोकप्रिय कोकणी देखणी. रचना कार्लुस एउजेनियु फेरैरा (१८६०–१९३२) यांची. पहिले प्रकाशन १८९५ साली, पॅरिसमध्ये. नावाचा अर्थ ‘सायबा, मी पलीकडच्या तीराला चालले’.

देखणी हा गोव्याच्या ख्रिस्ती समाजात वाढलेला नृत्यगीताचा प्रकार. सुरावट पाश्चात्त्य वळणाची, ठेका घुमट या वाद्याचा, विषय मात्र बहुधा हिंदू कलावंतिणीचा. ठेका असा की पाय आपोआप हलतात आणि गोष्ट ऐकायची राहून जाते. दामूच्या लग्नाला निघालेली नर्तकी नदीकाठी अडली आहे. तिला वाट ठाऊक नाही. नावाड्याला ‘सायबा’ म्हणून ती विनवते, अंगावरचे दागिने काढून पुढे करते. तो नको म्हणतो. ‘घे’ आणि ‘नाका’ यांच्या ओढाताणीवर सारे गाणे उभे आहे.

गाण्यात नदीचे नाव नाही. पण गोव्यात ‘पलतड’ हा शब्द नुसत्या काठापुरता राहत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला घेतली तेव्हा लोकांनी आपले देव नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवळांच्या सेवेतला कलावंत समाजही त्याच बाजूला नांदला. ‘कलावंत’ हा शब्द मराठीत गौरवाचा. गोव्यात मात्र देवळाशी बांधलेल्या बायकांची ती जात ठरली आणि तिच्यासोबत अवहेलनाही आली. गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. एका ख्रिस्ती रचनाकाराने त्या समाजातल्या स्त्रीच्या तोंडी ‘मी’ घातला, हे या देखणीचे खरे मोल. तिच्याकडे पाहणारी नजर अलीकडच्या तीरावरची आहे, हेही विसरता येत नाही.

राज कपूर यांच्या ‘बॉबी’ चित्रपटात (१९७३) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी हीच चाल ‘ना माँगूँ सोना चाँदी’साठी घेतली; शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे. त्यात ‘घे’चा कोकणी पुकारा तसाच राहिला आणि दागिने नाकारणेही राहिले. फक्त नकार नावाड्याकडून प्रियकराकडे गेला: त्याला सोनेनाणे नको, मुलीचे मन हवे. नदी, होडी आणि वाट विचारणारी बाई हिंदी गाण्यात उरली नाही.