निराशावाद्याचे समाधान

जगणे म्हणजे दुःखच, असे जर्मन तत्त्ववेत्ता आर्थर शोपेनहाउअर (१७८८–१८६०) याने जन्मभर प्रतिपादले. त्याचा मुख्य ग्रंथ १८१८ च्या अखेरीस निघाला. कित्येक वर्षे कोणी तो फारसा वाचलाच नाही. तरी हा गृहस्थ फ्रँकफुर्टला नेमाने बासरी वाजवी व कुत्र्याला घेऊन फिरावयास जाई. कुत्र्याचे नाव काय, तर ‘आत्मा’! दारा शुकोहने १६५७ साली फारसीत आणलेल्या उपनिषदांचे लॅटिन भाषांतर त्याच्या नित्य वाचनात असे.

कीर्ती मिळाली ती १८५१ च्या निबंधांमुळे. त्यांत तो म्हणतो की, निरोगी शरीर आपणांस जाणवत नाही, जोडा चावतो तेवढी जागा जाणवते. म्हणून सुखामागे न धावता वेदना नाही तो दिवस चांगला मानावा. आम्ही परिचारिकांनी हे रात्रपाळीत पाहिले आहे. ताप उतरलेला रोगी पाण्याच्या घोटानेही तृप्त होतो.

यहुदी धर्माविषयी मात्र त्याने कडवट लिहिले. देवाने निर्मिलेले जग चांगले, हे उत्पत्तीतील म्हणणे त्यास खपेना. हे आम्हांस मान्य नाही. आमच्या तनाखात उत्पत्तीप्रमाणे कोहेलेथही आहे, आणि सर्व व्यर्थ म्हणणारा तोच आपली भाकर आनंदाने खावयास सांगतो.